कॅमेऱ्याच्या पोटांतील आज्ञा

१९१२ सालीं दादासाहेब फाळके विलायतेंत विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून मुंबईस परत आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं भांडवल देणारांची खात्री पटविणें जरूर होतें. म्हणून त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोवला, आणि ठराविक वेळानें दांडा थोडा थोडा फिरवून रोपाच्या वाढीचीं चित्रें घेतलीं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर पाहतां पाहतां घडलेली दिसली आणि भांडवलाची वाट मोकळी झाली.

ह्या कथेंतील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दांडा किती फिरवावयाचा आणि केव्हां थांबावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार सर्वस्वीं फाळक्यांच्या हातीं होता. कॅमेऱ्याची पेटी उघडली कीं चक्रें, दांते, झडप हीं सारीं डोळ्यांपुढें होतीं. आपला कॅमेरा कोणी वाटाण्यासमोर महिनाभर रोवून ठेवील असें विल्यमसन कंपनीला वाटलें होतें कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. यंत्र विकत घेणारा त्या यंत्राचा धनी होता.

नव्वद-पंचाण्णव वर्षांनीं हाच प्रयोग करूं इच्छिणाऱ्या माणसाची स्थिति निराळी होती. त्याच्या मुठींत मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत भिंग होतें, घड्याळ होतें, शेंकडों चित्रें साठविणारी स्मृति होती. ठराविक वेळानें आपोआप चित्र घेण्यास जें जें लागतें तें सर्व पेटींत हजर होतें. परंतु पुष्कळशा कॅमेऱ्यांच्या पडद्यावर उमटणाऱ्या यादींत ती आज्ञा नव्हती, आणि यादींत नसलेली आज्ञा कॅमेरा पाळीत नसे. ती यादी लिहिली कोणी, ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या अधिकारापायीं गेल्या चार-साडेचार दशकांत काय काय घडलें, हा इतिहास श्रोत्यांनीं समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम ती यादी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. १९७५ सालीं अमेरिकेंत रॉचेस्टर येथें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा, हातांत धरतां येईल असा कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार ठिपके असत, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. पुढें ठिपक्यांची संख्या लक्षावधीवर गेली आणि कॅमेऱ्यांत एक लहानसा संगणकच जाऊन बसला. पडणारा प्रकाश मोजणें, रंग जुळविणें, चित्र आटोपशीर करून साठविणें, झडप उघडणें-मिटणें, हीं सर्व कामें तो संगणक करतो. आणि कोणतें काम केव्हां व कसें करावयाचें ह्याच्या आज्ञा यंत्राच्या कायम स्मृतींत भरून ठेवलेल्या असतात. त्यांसच फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ सालीं ॲशर ऑप्लर ह्या संगणकतज्ज्ञानें ‘डेटामेशन’ ह्या मासिकांत योजिला. यंत्राचे घट्ट भाग आणि वाटेल तेव्हां बदलतां येणाऱ्या आज्ञा ह्यांच्या मधला थर, असा त्याचा अर्थ होता. पुढें यंत्रांत मुरलेल्या सर्वच आज्ञावलींना तें नांव पडलें.

ह्या आज्ञांचीं दोन रूपें असतात. एक रूप माणसानें लिहिलेलें व माणसास वाचतां येणारें; त्यास मूळ संहिता म्हणतात. दुसरें रूप यंत्राला कळणारें. तें म्हणजे आंकड्यांची अखंड रांग. कारखानदार बहुधा दुसरेंच रूप यंत्रांत भरून देतो आणि पहिलें आपल्या कपाटांत ठेवतो. घरगुती उपमा द्यावयाची तर धान्य ठेवून घेऊन पीठ दिल्यासारखें तें आहे. पिठाची भाकरी होते, परंतु पेरणी होत नाहीं. ज्यानें पीठ घेतलें त्याला पुढच्या हंगामीं पुन्हां त्याच दुकानीं जावें लागतें.

आरंभीं अशी स्थिति नव्हती. संगणक दिवाणखान्याएवढे होते त्या काळीं त्यांच्या आज्ञावल्या यंत्राबरोबर विनामूल्य मिळत, आणि विद्यापीठांतील माणसें त्या वाचून, दुरुस्त करून एकमेकांस देत. १९६९ सालीं आयबीएम कंपनीनें आज्ञावल्यांची किंमत यंत्राच्या किंमतीपासून वेगळी काढण्याचें जाहीर केलें. आज्ञावली हा स्वतंत्र माल ठरला, आणि माल ठरल्यावर तो कुलपांत ठेवणें ओघानेंच आलें.

त्या कुलपाशीं पहिला मोठा खटका उडाला तो एका छापयंत्रावरून. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीनें एक लेझर छापयंत्र भेट दिलें. त्यांत कागद वारंवार अडके. आधींच्या छापयंत्राची आज्ञावली रिचर्ड स्टॉलमन ह्या प्रयोगशाळेंतील तज्ज्ञानें अशी सुधारली होती कीं, कागद अडकला म्हणजे छपाईची वाट पाहत बसलेल्यांना त्यांच्या संगणकावर सूचना मिळे, आणि कोणीतरी उठून कागद सोडवी. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र मिळेना. ज्याच्यापाशीं ती होती अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका संशोधकाकडे स्टॉलमन गेले, तेव्हां त्यानें गुप्ततेचें वचन दिल्याचें सांगून नकार दिला. प्रसंग किरकोळ होता. परंतु जें दुरुस्त करण्याची बुद्धि व इच्छा आपल्यापाशीं आहे तें केवळ एका कराराच्या कागदामुळें दुरुस्त करतां येत नाहीं, ही गोष्ट स्टॉलमन ह्यांच्या मनाला फार लागली.

१९८३ सालीं त्यांनीं ‘ग्नू’ ह्या नांवाची खुली संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८५ त फ्री सॉफ्टवेअर फौंडेशन ही संस्था स्थापिली. तथापि त्यांची सर्वांत टिकाऊ कृति म्हणजे १९८९ चा ‘जनरल पब्लिक लायसेन्स’ हा परवाना होय. त्याचें सार थोडक्यांत असें आहे: ही आज्ञावली कोणीहि वापरावी, बदलावी, विकावी, मात्र जो ती दुसऱ्यास देईल त्यानें तिची मूळ संहिताहि द्यावी आणि हेच हक्क पुढच्यास द्यावे. कायदा तोच, लेखकाच्या स्वामित्वाचा. फक्त दार बंद करण्यासाठीं केलेली कडी येथें दार उघडें ठेवण्यासाठीं लावली गेली. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचा संगणकप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षीं तो ह्या परवान्याखालीं आणला.

ह्या परवान्याची खरी कसोटी घरगुती वस्तूंच्या बाजारांत लागली. २००२ सालच्या अखेरीस लिंक्सिस कंपनीनें एक निळा-काळा राउटर, म्हणजे घरांतील संगणकांना बिनतारी मार्गानें इंटरनेटशीं जोडणारी पेटी, विक्रीस आणली. तिचें नांव डब्ल्यूआरटी ५४ जी. २००३ सालीं कांहीं चौकस मंडळींनीं तिच्या फर्मवेअरची तपासणी केली, तों आंत लिनक्स सांपडलें. परवान्याप्रमाणें मूळ संहिता देणें भाग होतें. ती दिलेली नव्हती. त्याच वर्षीं सिस्को ह्या बलाढ्य कंपनीनें लिंक्सिस विकत घेतली होती, त्यामुळें ही जबाबदारीहि तिच्याकडे आली. मागणीचा रेटा वाढला आणि २००३ च्या उन्हाळ्यांत संहिता प्रसिद्ध झाली.

त्यानंतर जें झालें तें कारखानदारानें योजिलेलें नव्हतें. प्रसिद्ध झालेल्या संहितेच्या आधारें २००४ च्या सुमारास ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा उपक्रम सुरू झाला. लोकांनीं त्या स्वस्त पेटीकडून बिनतारी शक्ति कमीजास्त करणें, वाहतुकीचा अग्रक्रम ठरविणें अशीं महागड्या यंत्रांचीं कामें करून घेतलीं. २००५ सालीं कंपनीनें ह्या पेटीच्या नव्या आवृत्तींत स्मृति कमी करून लिनक्सच्या जागीं दुसरी, बंद प्रणाली घातली. आणि जुनी लिनक्सची घडण ‘डब्ल्यूआरटी ५४ जीएल’ ह्या निराळ्या नांवानें चालू ठेवली. ती पुढें कित्येक वर्षें खपत राहिली. पीठ विकणाऱ्यास धान्यालाहि गिऱ्हाईक आहे हें कळून चुकलें. तरीहि तंटे संपले नाहींत. परवान्याचें पालन होत नाहीं म्हणून फ्री सॉफ्टवेअर फौंडेशननें २००८ च्या डिसेंबरांत सिस्कोवर न्यूयॉर्क येथें दावा लावला. तो २००९ च्या मे महिन्यांत तडजोडीनें मिटला. ओपनडब्ल्यूआरटी मात्र आजहि चालू आहे, आणि ज्या पेट्यांना त्यांच्या कारखानदारांनीं टाकून दिलें अशा कित्येक पेट्या त्याच्या आधारावर काम देत आहेत.

ह्याच काळांत कुलपाचा एक नवा प्रकार निघाला. टिव्हो नांवाचें दूरदर्शनचे कार्यक्रम साठवून ठेवणारें यंत्र १९९९ पासून अमेरिकेंत विकलें जाई. त्यांतहि लिनक्स होतें, आणि कंपनी परवान्यास अनुसरून संहिता देतहि असे. परंतु यंत्र चालू होतांना आपल्या आज्ञावलीवर कंपनीची सांकेतिक मोहोर आहे कीं नाहीं हें तपासून पाही. कोणी एक ओळ जरी बदलली तरी मोहोर जुळत नसे आणि यंत्र ती आज्ञावली चालवीत नसे. धान्य तर दिलें, पण आपल्याच शेतांत पेरूं दिलें नाहीं, असा हा प्रकार. २९ जून २००७ रोजीं निघालेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तींत म्हणूनच असें कलम घातलें गेलें कीं, घरगुती वस्तूंत बदललेली आज्ञावली बसविण्यास लागणारी माहितीहि ग्राहकाला मिळाली पाहिजे. टोरवाल्ड्स ह्यांना हें मान्य झालें नाहीं. संहिता मागण्याचा हक्क आपला, यंत्र कसें बनवावें हा कारखानदाराचा, असें त्यांचें म्हणणें. आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीखालीं राहिला. खुलेपणाच्या पुरस्कर्त्यांतहि धनीपणाची सीमा कोठें आंखावी ह्याविषयीं एकमत नाहीं, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां पुन्हां कॅमेऱ्याकडे वळूं या. कॅमेऱ्याचें दार प्रथमपासून सर्वत्र बंदच होतें असें नाहीं. १९९८ सालच्या कोडॅकच्या डीसी २६० सारख्या कॅमेऱ्यांत ‘डिजिटा’ नांवाची प्रणाली होती, आणि ग्राहकाला लहान लहान आज्ञालेख लिहून कॅमेऱ्याकडून कामें करून घेतां येत. पुढें हा प्रघात मागें पडला. २००३ सालीं कॅनन कंपनीनें ईओएस ३०० डी हा स्वस्त कॅमेरा काढला. त्याचें बरेंचसें अंतरंग महाग १० डी सारखेंच होतें. फक्त कांहीं सोयी आज्ञावलींत झांकून ठेवलेल्या होत्या. एका हौशी तज्ज्ञानें फर्मवेअर बदलून त्या उघड केल्या, आणि ३०० डी च्या धन्यांना मंद प्रकाशांत काम देणारी ३२०० ची संवेदनशीलता व फ्लॅशच्या उजेडाचें नियमन हीं अकस्मात् लाभलीं. नव्या भिंगाचा वा चक्राचा एक पैचाहि खर्च आला नाहीं. किंमतींतील फरक केवळ वस्तूचा नसून कांहीं अंशीं परवानगीचा होता, हें त्या दिवशीं पुष्कळांना कळलें.

२००५ सालीं निकॉन कंपनीच्या डी २ एक्स ह्या कॅमेऱ्यासंबंधीं निराळाच वाद झाला. छायाचित्राच्या कच्च्या स्वरूपांत प्रकाशाच्या रंगासंबंधीं जी नोंद असते ती कंपनीनें गुप्त लिपींत लिहिली होती. ‘फोटोशॉप’चे एक जनक थॉमस नोल ह्यांनीं त्यास उघड हरकत घेतली. डेव्ह कॉफिन हा प्रोग्रामर १९९७ पासून निरनिराळ्या कॅमेऱ्यांचीं कच्चीं चित्रें वाचणारी एक खुली आज्ञावली लिहीत होता. त्यानें ती लिपि लौकरच उलगडली. छायाचित्रकारांचा प्रश्न साधा होता: चित्र ज्यानें टिपलें त्याचें कीं कॅमेरा ज्यानें बनविला त्याचें?

ह्यापुढचें प्रकरण अत्यंत मनोरंजक आहे. २००६-०७ च्या सुमारास कॅननच्या लहान कॅमेऱ्यांच्या पोटांतील आज्ञा वाचावयाच्या असें कांहीं हौशी मंडळींनीं मनावर घेतलें. कॅमेरा आपलें अंतरंग सांगण्यास तयार नव्हता. मात्र त्यावर एक इवलासा दिवा होता. त्यांनीं त्याला एक छोटी आज्ञावली चारली, आणि कायम स्मृतींतील एकेक आंकडा दिव्याच्या उघडझांपीनें बाहेर काढला. प्रकाशाचें विजेत रूपांतर करणारा लहानसा घटक दिव्यासमोर धरून तें लुकलुकणें संगणकांत ध्वनीच्या वाटेनें नोंदून घेतलें, आणि त्या नोंदींतून फर्मवेअर पुन्हां जुळविलें. ज्या दिव्यानें धन्याला इशारे द्यावयाचे त्यानेंच कॅमेऱ्याचें गुपित सांगून टाकलें.

ह्यांतून ‘कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट’, संक्षेपानें सीएचडीके, ही आज्ञावली उभी राहिली. कंपनीच्या फर्मवेअरला तिनें धक्का लावला नाहीं. ती स्मृतिपत्रावर, म्हणजे एसडी कार्डावर, ठेवलेली असे. कार्डाच्या कडेची लेखनबंदीची बारीक खिट्टी सरकवून कॅमेरा चालू केला कीं कॅमेरा ती वाचून घेई, आणि खिट्टी परत केली कीं पूर्वीसारखा वागूं लागे. तिच्या योगें लहान कॅमेरे कच्चीं चित्रें साठवूं लागले, झडप पुष्कळ वेळ उघडी राहूं लागली, आणि धन्यानें लिहिलेले आज्ञालेख चालूं लागले. चित्रांत एकदम उजेड वाढतांच चित्र घेऊन वीज टिपणारे कॅमेरे झाले. पतंगाला बांधून आकाशांतून गांवें टिपणारे झाले. आणि ठराविक वेळानें एकेक चित्र घेऊन रोपाची वाढ दाखविणारेहि झाले. १९१२ सालीं जो दांडा फाळक्यांच्या हातांत होता तो असा फिरून धन्याच्या हातीं आला.

ह्याचा एक उपयोग तर ग्रंथप्रेमी माणसाला फार मोलाचा वाटेल. २००९ सालीं अमेरिकेंत डॅनियल रीट्झ ह्यानें टाकाऊ साहित्य आणि दोन स्वस्त कॅमेरे घेऊन पुस्तकांचीं पानें टिपण्याचें यंत्र घरीं बनविलें आणि त्याची कृति सर्वांस सांगितली. पुस्तक पाळण्यासारख्या चौकटींत उघडें ठेवावयाचें, डावें पान एका कॅमेऱ्यानें व उजवें दुसऱ्यानें टिपावयाचें. दोन्ही कॅमेऱ्यांनीं एकाच इशाऱ्यानें चित्र घेतलें पाहिजे. ती सोय स्वस्त कॅमेऱ्यांत कारखान्यानें दिलेली नव्हती, सीएचडीकेनें दिली. पाठ मोडण्याच्या भीतीनें जीं जीर्ण पुस्तकें कोणी उलथीं पाडून यंत्राखालीं दाबलीं नसतीं, तीं अशा घरगुती यंत्रांनीं टिपलीं जाऊं लागलीं.

२००९ सालींच ट्रॅमेल हडसन ह्यानें कॅननच्या ५ डी मार्क २ ह्या मोठ्या कॅमेऱ्यासाठीं ‘मॅजिक लँटर्न’ ही खुली आज्ञावली लिहिली. त्या कॅमेऱ्यानें चित्रपटाच्या तोडीचें चलच्चित्र घेतां येई. परंतु आवाज टिपतांना तो शांततेंतहि आवाज आपोआप चढवी आणि घरघर ऐकूं येई. तें चढणें धन्याच्या ताब्यांत असावें एवढाच आरंभींचा हेतु होता. २०१० च्या मार्चमध्यें खुद्द कंपनीनेंच नव्या फर्मवेअरमधून आवाजाचें नियमन दिलें. २०१३ त मॅजिक लँटर्नच्या मंडळींनीं कच्चें चलच्चित्रहि त्या कॅमेऱ्याकडून काढून घेतलें. ह्या नांवाचें भाषांतर मराठीनें फार पूर्वींच करून ठेवलेलें आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव पटवर्धन कांचेवरील रंगीत चित्रें पडद्यावर दाखवीत तेव्हां त्या यंत्रास त्यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ म्हटलें होतें. पटवर्धनांची खरोलिकाहि धन्याच्याच मर्जीनें चाले.

कारखानदारांची बाजूहि न्यायबुद्धीनें ऐकली पाहिजे. फर्मवेअर बदलतांना कॅमेरा निकामी झाला तर हमीचा भार कोणी सोसावा? वर्षानुवर्षें श्रमून शोधलेल्या युक्त्या प्रतिस्पर्ध्याच्या हातीं कां द्याव्या? बिनतारी यंत्रांत तर सार्वजनिक हिताचाहि प्रश्न आहे. मर्यादेबाहेर शक्ति वाढविली तर शेजाऱ्याच्या आणि विमानतळावरील हवामान-रडारच्या कामांत व्यत्यय येतो. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें ह्यासाठीं नियम कडक केले, तेव्हां कांहीं कंपन्यांनीं सबंध फर्मवेअरच बंद करण्याचा सोपा मार्ग धरला. पण २०१६ सालीं टीपी-लिंक कंपनीशीं झालेल्या तडजोडींत आयोगानें दोन लक्ष डॉलर घेतांनाच खुल्या फर्मवेअरला वाव देण्याचेंहि तिच्याकडून कबूल करून घेतलें. धोका जेथें आहे तेथेंच कुलूप असावें, सबंध घराला नसावें, असाच ह्या निवाड्याचा मथितार्थ होतो. १९९८ च्या अमेरिकन कायद्यानें सांकेतिक कुलूप फोडणें बेकायदेशीर ठरविलें होतें. २०२१ सालीं ग्राहकोपयोगी उपकरणांच्या दुरुस्तीपुरती त्यांतून मोकळीक देण्यांत आली.

प्रथमपासूनच खुला असा कॅमेरा बनविण्याचेहि प्रयत्न झाले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्क लेव्हॉय व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० सालीं ‘फ्रँकेनकॅमेरा’ जगापुढें मांडला. बाजारांतील कॅमेरे संशोधकाच्या आज्ञा ऐकत नाहींत, हें त्याच्या जन्माचें कारण. असे कॅमेरे संख्येनें थोडे राहिले. सामान्य माणसाच्या हातीं आजहि बंद पेटीच येते.

आणि बंद पेटीचें आयुष्य तिच्या कारखानदाराच्या इच्छेवर अवलंबून असतें. ज्या कोडॅकमध्यें १९७५ सालीं ह्या कॅमेऱ्याचा जन्म झाला त्या कंपनीनें २०१२ सालीं डिजिटल कॅमेरे बनविणें थांबविलें. तिचे जे कॅमेरे घरोघर राहिले त्यांची भिंगें शाबूत आहेत. परंतु त्यांच्या पोटांतील आज्ञांत एक चूक असली तरी ती सुधारून धाडणारें आतां कोणी नाहीं, आणि दुसऱ्यास ती सुधारतां यावी अशी संहिताहि त्याच्या हातीं नाहीं. फाळक्यांच्या कॅमेऱ्याचें एखादें चक्र झिजलें असतें तर मुंबईंतील कुशल कारागिरानें तें पाहून नवें घडविलें असतें. झिजलेलें चक्र दिसतें. चुकलेली आज्ञा, ती लिहिणारानें दाखविल्यावांचून दिसत नाहीं.